क्रॅडकचा शनिवार

१२ मे १९०९, बुधवार

माझं आयुष्य आज चहाच्या सुट्टीत बदललं. बदललं त्या क्षणी माझ्या हातात ब्रेड पुडिंगचा एक करपलेला तुकडा होता.

नेटमध्ये मनसोक्त ठोकाठोक करून मी काउंटीच्या मैदानावरच्या चहाच्या तंबूत शिरलो. फळीच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर पीठ. मी म्हणालो, "मधला तुकडा द्या. मऊ असेल तो." तिनं मला टोपीपासून बुटांपर्यंत एकदा पाहून घेतलं, ट्रेच्या पार कोपऱ्यात सुरी घातली आणि तिथला तपकिरी, कडक तुकडा माझ्या बशीत ठेवला.

"हा करपलाय," मी म्हणालो.

"करपलेला नाही. कडेचा आहे."

"पण मी मधला मागितला होता."

"मधला सगळेच मागतात," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

बस्, एवढंच. मी तुकडा चावत बाहेर आलो आणि पुन्हा नेटमध्ये गेलो. पहिल्याच चेंडूवर मधली यष्टी उडाली. दुसऱ्यावरही. तिसरा नडगीवर बसला आणि मला दुखलंसुद्धा नाही! त्यावरून काय ते समजलो.

ऑक्सफर्ड सोडताना ठरवलं होतं की आता फक्त क्रिकेट आणि पलटण, बाकी कशात जीव गुंतवायचा नाही. ऑक्सफर्ड म्हणजे, माझे ट्यूटर म्हणाले होते की तुमच्या निबंधापेक्षा तुमच्या फटक्यांना अधिक व्याकरण आहे. मी उठलो, चालू पडलो आणि दार असं आपटलं, की वरच्या फळीवरचा प्लास्टरचा प्लेटो खाली आला. त्याच्या डोक्याचे तुकडे गोळा करायच्या आत मी स्टेशनवर होतो. तेही वर्षाच्या मध्यावर. वडिलांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं आणि मग पलटणीत घातलं. इथे सुखात आहे. कर्नल हेरिक यांना परेडपेक्षा क्रिकेटची काळजी जास्त. पलटणीचा सेकंड लेफ्टनंट काउंटीकडून खेळतो म्हटल्यावर ते रजेचा कागद न वाचताच सही करतात.

तिचं नाव काय असेल?

२० मे, गुरुवार

हेस्टर. हेस्टर क्रॅडक! आमच्या एबेल क्रॅडकची मुलगी.

क्रॅडक म्हणजे आमच्या संघातला जुना पगारी गोलंदाज. वीस उन्हाळे एकाच टोकाकडून टाकतोय. मिशा पिकल्या, पण चेंडू अजून हट्टानं ऑफ यष्टीवरच पडतो. बायको वारली तेव्हापासून घर मुलीच्या हाती, आणि उन्हाळ्यात हा चहाचा तंबूही.

कळल्याबरोबर मी एक चांगलं काम करायला गेलो आणि तोंडावर आपटलो. पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर सगळ्या सभासदांसमोर मी मोठ्यानं म्हणालो, "मिस्टर क्रॅडक, सकाळची गोलंदाजी झकास झाली!"

आमचा कप्तान लेथब्रिज वर्तमानपत्राआड गेला. हौशी खेळाडूला मिस्टर म्हणायचं आणि पगारी खेळाडूला नुसतं आडनाव, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मुद्दाम म्हटलं. मानानं म्हटलं! वाटलं, म्हाताऱ्याचे डोळे पाणावतील.

दुपारी त्यानं मला रोलरमागे गाठलं. कानापर्यंत लाल झाला होता.

"साहेब, मी तुमचं काय वाकडं केलंय?"

"मी? अहो, मी तर तुमचा मान..."

"आमच्या खोलीत पोरं सकाळपासून मला मिस्टर म्हणून मीठ मागतायत. मिस्टर क्रॅडक, जरा सरका. मिस्टर क्रॅडक, आपला मोजा फाटलाय. वीस वर्षं मी बाजूच्या फाटकानं मैदानात उतरतो, साहेब, आणि ते फाटक माझं आहे. तुम्ही मधल्या पायऱ्यांनी उतरता, त्या तुमच्या. माझ्या फाटकात उभं राहून मला उपकार दाखवू नका."

चहाला गेलो तर हेस्टर म्हणाली, "या. काय देऊ आपल्याला, मिस्टर फेन? का बाबांसारखं तुम्हालाही काही नवीन नाव द्यायचंय?" आणि पुन्हा तोच कडेचा तुकडा. तिच्या मनात माझ्याबद्दल अढी बसली आहे यात शंका नाही.

१७ जून, गुरुवार

आज चेंडू तंबूच्या दिशेनं मारला. मुद्दाम. म्हणजे तिनं मान वर करून पाहावं एवढाच हेतू होता. तो चहाच्या मोठ्या भांड्यावर बसेल असं कुणी सांगितलं होतं?

सुट्टीत माफी मागायला गेलो. तंबूभर चहा झाला होता. ती गुडघ्यावर बसून फडकं पिळत होती.

"नेम कशावर होता?" तिनं वर न बघता विचारलं. "भांड्यावर की माझ्यावर?"

"कशावरच नाही. सुटला हातून."

"हातून सुटलेला एवढा लांब जात नाही, मिस्टर फेन. क्रॅडकच्या घरात वाढलेय मी." मग उठली, फळीखाली हात घातला आणि पालथ्या वाडग्याखालून एक तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. "घ्या. आज ही एवढी एकच कड राहिली."

चहा सांडला, भांडं चेपलं, तरी मला करपलेला तुकडा द्यायला ती विसरली नाही! मुद्दाम झाकून ठेवला होता. इतका राग मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

धावा ७४. कर्नलसाहेबांची तार आली : शंभर का नाहीत?

८ जुलै, गुरुवार

आज तिच्याशी सलग बोलणं झालं. सामना पावसानं थांबलेला, तंबूत आम्ही दोघं आणि चहाची वाट बघत पेंगणारे एक पाद्री.

क्रॅडकचा बेनिफिट सामना ऑगस्टमध्ये ठरला. पगारी खेळाडूला उभ्या कारकिर्दीत एकदा हा सामना मिळतो. तीन दिवस दारावर जे जमेल ते त्याचं. हेस्टर भरभरून बोलत होती. शाळेसमोरचं लहानसं दुकान रिकामं झालंय, बॅटी-चेंडू विकायचे, पॅड शिवून द्यायचे, असा क्रॅडकचा बेत आहे. नाही जमलं तर स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा शाळेत मुलांना शिकवायची नोकरी आली आहे.

"मग तुम्ही?" मी विचारलं.

"मी काय? बाबा जातील तिथं. त्यांचे मोजे कोण शिवणार?"

स्कॉटलंड! ती पुढं बोलतच होती. गुरुवारी काय, शुक्रवारी काय, निवृत्त पाद्री आणि त्यांची कुत्री तेवढी येतात, सगळी भिस्त शनिवारवर, अर्ध्या दिवसाच्या सुट्टीवर, गिरणीची माणसं, बाजाराची माणसं, आणि असंच बरंच काही. मी मान डोलावत होतो. तिच्या मनगटावर पिठाचा एक पट्टा होता आणि ती बोलताना तो खालीवर होत होता.

एक मात्र पक्कं ठरवलं. त्या सामन्यात मी असा खेळणार, की काउंटीच्या इतिहासात नोंद होईल. क्रॅडकचा बेनिफिट आणि माझ्या बॅटीनं जिंकलेला! मग पाहू करपलेले तुकडे कसे मिळतात.

२६ जुलै, सोमवार

सप्टेंबरातल्या समुद्रकाठच्या मोठ्या उत्सवी सामन्यांना मला बोलावणं आलं! सगळ्या देशातले निवडक हौशी खेळाडू असतात तिथं. आनंदानं खोलीचं दार असं उघडलं, की बिजागरी निखळली. माझा ऑर्डर्ली डॉबल स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, वाईट बातमी आली की तुम्ही दार आपटता, ते समजू शकतो. चांगली आली तरी दारानं काय करायचं?" त्यानं चौकटीला नमद्याची पट्टी ठोकली आहे. आगाऊ माणूस.

५ ऑगस्ट, गुरुवार

बेनिफिटचा पहिला दिवस. मी शून्यावर बाद.

त्याबद्दल अधिक लिहायची इच्छा नाही. दोन्ही डाव सरसर कोसळले. खेळपट्टी ओली, गोलंदाज मोकाट सुटलेले. प्रेक्षक मूठभर. पाद्री आणि कुत्री, खरंच. हेस्टरनं विचारलं, "दुखलं का?" मी म्हणालो, "काय?" ती म्हणाली, "शून्य." तुकडा कडेचाच.

दुसऱ्या डावात दाखवतो.

६ ऑगस्ट, शुक्रवार, संध्याकाळ

जिंकलो! मी जिंकून दिला!

क्रमानं लिहितो. शेवटच्या डावात आम्हाला दीडशेच्या आसपास हव्या होत्या. चहानंतर मी उतरलो तेव्हा निम्म्या बाकी होत्या आणि सहा गडी गेले होते. पायऱ्यांवर लेथब्रिजनं माझा दंड धरला. "फेन, जपून. घाई नको. उद्या शनिवार आहे, लक्षात असू दे." मी म्हणालो, "शनिवारची वाट बघणारा माणूस मी नव्हे!" आणि निघालो. भेकड माणूस. कप्तान असा असावा?

दुसऱ्या टोकाला कोण, तर साक्षात क्रॅडक. वाईट वाटलं त्याचं. वय झालंय, हे आज दिसलं. मी दोन धावांसाठी ओरडलो की तो जागच्या जागी रुतून उभा. "नाही, साहेब." तीन निघाल्या असत्या तिथं एक. गुडघे गेले असणार. षटक संपलं की माझ्याजवळ येऊन खेळपट्टी बॅटीनं ठोकत राहायचा. एक ढेकूळ ठोकायला किती वेळ! म्हणाला, "सावकाश, साहेब. ऊन छान आहे. कुठं जायचंय?"

मी म्हणालो, "क्रॅडक, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं. काळजी करू नका."

"तीच वाटतेय," तो म्हणाला. धाप लागली असावी.

प्रतिस्पर्धी तर पार ढेपाळले. त्यांच्या कप्तानानं आपल्या यष्टिरक्षकाच्या हाती चेंडू दिला आणि स्वतः हातमोजे चढवले! तो बिचारा असे चेंडू टाकत होता, की बॅट लांब करूनही पोहोचेना. तरी मी पोहोचलो. एक लाडवासारखा झेल उडाला, तोही त्यांनी सोडला, आणि सोडणाऱ्यानं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. डोळ्यात चिलट गेलं असेल. पंच दर षटकाला बुटाची नाडी बांधत होते. गच्चीवरून लेथब्रिज दोन्ही पंजे खाली दाबून दाखवत होता. मी त्याला टोपी उंचावून उत्तर दिलं.

आणि मग शेवटचा फटका. वेळ संपायला थोडाच अवकाश, चार हव्या, चेंडू पायाजवळ, आणि मी! मैदानाची भिंत ओलांडून सरळ दारूभट्टीच्या अंगणात. सहा!

टाळ्या नाहीत. सगळं मैदान स्तब्ध. इतका तो फटका अचाट. क्रॅडक त्या चेंडूकडे असा बघत राहिला, की जणू त्याची टोपीच नदीत वाहून चालली होती. मग माझ्याजवळ आला, हात मिळवला, म्हणाला, "सुंदर फटका होता, साहेब." आणि आपल्या फाटकाकडे गेला. भारावला होता.

आता असाच, कपडेही न बदलता, तंबूकडे जातो. आज सांगणार तिला सगळं.

तोच दिवस, नंतर

मी गाढव आहे.

ती ट्रेवर ओली फडकी पसरत होती. ओळीनं ट्रे. तंबूच्या त्या टोकापर्यंत बन, केक, पुडिंग.

"पाहिलात का?" मी म्हणालो. "थेट भट्टीच्या अंगणात!"

"पाहिला. फार लांब गेला. बाबांचं दुकानही गेलं त्याच्याबरोबर."

मला कळेना. ती वळली. रडलेली नव्हती. त्याहून वाईट, ती शांत होती.

"आज वार कोणता, मिस्टर फेन?"

"शुक्रवार."

"आणि उद्या?"

"शनिवार."

"उद्या या मैदानावर काय आहे?"

मी वळून रिकाम्या मैदानाकडे पाहिलं.

"सामना संपला," ती म्हणाली. "गिरणीची माणसं उद्या अर्धी सुट्टी घेऊन येतील आणि फाटकावर कुलूप बघून परत जातील. त्यांच्या कप्तानाला कळत होतं. लेथब्रिजसाहेबांना कळत होतं. पंचांच्या बुटाच्या नाडीला कळत होतं! मैदानावर फक्त एका माणसाला कळत नव्हतं."

"पण मला कुणी सांगितलं..."

"मी सांगितलं होतं. जुलैत. इथंच उभी राहून. तुम्ही एवढी मान डोलावत होता."

"मी तुमच्या मनगटाकडे बघत होतो," मी म्हणालो. खोटं सुचलंच नाही.

तिनं दुमडलेली बाही खाली ओढली, मनगट झाकलं, आणि ट्रेकडे तोंड करून म्हणाली, "जा तुम्ही आता."

आज तुकडा मिळाला नाही. मे महिन्यापासून पहिल्यांदा.

मी तसाच धावत सुटलो. क्रिकेटच्या कपड्यांत, गवताचे डाग लागलेल्या बुटांनी, आमच्या मेसमध्ये. जेवण चालू होतं. सगळे लाल कोटात, चांदीची भांडी, मेणबत्त्या. मी दार उघडलं ते भिंतीवर आदळलं. मेसच्या टेबलावर कोणत्याही बाईचं नाव काढायचं नाही हा पलटणीचा जुना नियम. जो काढेल त्यानं सगळ्यांना पोर्ट वाइन पाजायची. मी पहिल्याच वाक्यात तीनदा काढलं.

"हेस्टर कोण?" कर्नल हेरिक यांनी विचारलं.

"हे चौथं, सर," अॅडज्युटंट म्हणाला, "आणि हे आपलं."

त्यांनी हसू दाबलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फटका सांगितला तेव्हा साहेबांचे डोळे चमकले. शनिवार सांगितला तेव्हा त्यांनी काटा खाली ठेवला.

"म्हणजे तू एका माणसाचा शनिवार भट्टीच्या अंगणात मारलास."

"होय, सर."

"मग आता तुला काय हवंय?"

"पलटण, सर."

"सगळी?"

"अकरा माणसं आणि बँड. उद्या दुपारी काउंटीविरुद्ध सामना. काउंटीवाले बॅटीऐवजी झाडूच्या दांड्यांनी खेळतील, आम्ही बॅटींनी. लोक हसायला येतील, सर. आणि आपण स्वतः गोलंदाजी करायची."

हे शेवटचं माझ्या तोंडून आपोआप गेलं, पण लागू पडलं ते तेच. कर्नलसाहेब खांद्याखालून हळू चेंडू टाकतात. जुनी पद्धत. गेली दहा वर्षं त्यांना कुणी विचारलेलं नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"अटी आहेत. एक, तू खेळणार नाहीस. तू खेळलास तर चहाच्या सुट्टीआधी संपवशील. तू फाटकावर डबा घेऊन उभा राहायचं. दोन, या मोसमात आणखी रजा नाही. सप्टेंबरचा उत्सव विसर."

मला आलेलं बोलावणं आठवलं. पण म्हणालो, "होय, सर."

"तीन, ती जी कोण आहे, जिचं नाव मी आता घेणार नाही, तिच्याशी लग्नाबिग्नाची गोष्ट कॅप्टन होईपर्यंत माझ्या कानावर आणायची नाही. आता बाहेर जा आणि बूट बदल. आणि फेन, दार..."

उशीर झाला होता. आपटलं होतं.

तिथून लेथब्रिजच्या घरी गेलो. तो आधी फक्त "दांडे?" म्हणाला. मग खो खो हसत सुटला. भेकड नाही तो. भला माणूस आहे.

७ ऑगस्ट, शनिवार

पाय ओंडक्यासारखे झालेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी बँड घेऊन बाजारातून फिरलो. पुढं मी, हातात दवंडीची घंटा. कोबीच्या ढिगावर उभा राहून ओरडलो, "दुपारी काउंटीच्या मैदानावर! क्रॅडक विरुद्ध पलटण! झाडूचे दांडे!" कोबीवाली म्हणाली, "खाली उतर आधी. आणि तो कालचा घाईघाईचा पोरगा असणार का?"

"मीच तो."

"मग येते. डोळे भरून बघायचंय मला."

आणि लोक आले! गिरणीची माणसं आली, बाजार आला, डोक्यावरच्या टोपल्यांसकट आल्या बायका. मी फाटकावर डबा घेऊन. जो आत जाईल तो काहीतरी बोलून जाणार, हे ठरलेलंच.

"हाच का तो?"

"हाच. घरी दूध उतू चाललं होतं म्हणे काल."

"काय साहेब, आज काळोख होईपर्यंत चालेल ना? का तुमची गाडी आहे?"

मी हसत होतो. आधी दात ओठ खाऊन, मग खरंच. हलत्या डब्याचा आवाज आत नाण्यांची गर्दी झाली तसा बदलत गेला, आणि शेवटी तो वाजेनासाच झाला. दुसरा आणावा लागला.

फाटकातून मैदानाची एक पट्टी तेवढी दिसत होती. कर्नलसाहेबांनी लेथब्रिजला पहिल्या षटकात बाद केलं तेव्हा ते आनंदानं टोपीवर बसले, म्हणजे टोपी खाली पडली होती आणि त्यांना दिसली नाही. मग गडी पटापट जाऊ लागले आणि माझ्या जिवाचं पाणी झालं. आजही लवकर संपतंय की काय!

तेवढ्यात बाजूच्या फाटकातून क्रॅडक उतरला. खांद्यावर झाडूचा दांडा, बंदुकीसारखा. ज्या माणसानं वीस वर्षांत धड पन्नास केल्या नाहीत, तो त्या दांड्यानं उभा राहिला. पुढं पाय, दांडा सरळ, ठक. पुन्हा ठक. चेंडू पायाशी मेल्यासारखा पडायचा. पलटणीनं सहा गोलंदाज बदलले. लोक आधी हसले, मग प्रत्येक ठकला मोजल्यासारखे ओरडू लागले, मग सगळं मैदान एका आवाजात, "ठक!" मीही फाटकावर डबा आपटून, "ठक!" संध्याकाळ झाली, सावल्या लांबल्या, पंचांनी नाडी न बांधता घड्याळ पाहिलं, यष्टींवरच्या बेल्स उचलल्या, तेव्हाही क्रॅडक नाबाद होता. त्याच्या खात्यात नऊ धावा होत्या.

लोकांनी त्याला उचलून नेलं. मधल्या पायऱ्यांकडे नेत होते. तो वरून ओरडला, "इकडून नाही! माझ्या फाटकाकडून!" आणि सगळी मिरवणूक वळली.

गर्दी ओसरल्यावर तो माझ्याकडे आला. अजून घामेजलेला, आणि हातात झाकलेली बशी.

"हे तुमच्यासाठी दिलंय. वाटेत मी खाल्लेलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

मी फडकं उचललं. कडेचा तुकडा.

"आणा," मी म्हणालो. "करपलेला असला तरी आता सवय झालीय मला."

"करपलेला?" क्रॅडकनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं कालसुद्धा पाहिलं नव्हतं. "साहेब, कड म्हणजे पुडिंगचा जीव. ट्रेला कोपरे चार. आमच्या घरात कडेचा तुकडा माझा असायचा. बायकोनं ठेवला, तिच्यामागं पोरीनं ठेवला. भावानं एकदा घेतला तर सहा महिने आमचं बोलणं नव्हतं. आणि मे महिन्यापासून मी मधला मऊ लगदा गिळतोय! विचारलं की म्हणते, सैन्याला लागतो."

मी डबा खाली ठेवला. ठेवला म्हणजे पडला.

"मे महिन्यापासून?"

"मे महिन्यापासून. मला वाटलं, हा माणूस पुडिंगावर टपून बसलाय. काल रात्री जेवताना समजलं, की ह्याला काहीच समजलेलं नाही." तो नाणी गोळा करायला खाली बसला आणि वर न बघता म्हणाला, "स्कॉटलंडला पत्र लिहायचं राहून जाईलसं दिसतंय."

मीही खाली बसलो. दोघं गवतातून नाणी वेचत होतो.

"क्रॅडक, कालचं..."

"कालचा फटका सुंदरच होता. ते मी खरं म्हटलं होतं. चुकीच्या दिवशी मारलात." मग उठला, गुडघे झटकले. ते अगदी धडधाकट आहेत. "उद्या चारला चहाला या. पुढच्या दारानं."

"मी मागच्या दारानंसुद्धा..."

"पुढच्या! माझ्या घराला पुढचं दार आहे, साहेब. हिरव्या रंगाचं. मी रंगवलंय. मागून आलात तर उघडणार नाही."

"बरं. आणि मी तुम्हाला म्हणायचं काय? मिस्टर नको म्हणता."

"नको."

"मग?"

त्यानं मिशी पुसली. "ते अजून ठरलेलं नाही. बघू."

८ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून एक भाषण लिहिलं. चार पानं. त्यात तारे होते, समुद्र होता, माझं उद्ध्वस्त हृदय दोनदा होतं. डॉबलला वाचून दाखवलं. तो बूट चोळत म्हणाला, "साहेब, हे सगळं एकाच चहाला?"

"मग?"

"उरलेल्या रविवारी काय बोलाल?"

मी चारही पानं शेगडीत घातली.

कॅप्टन व्हायला किती वर्षं लागतात, तेही त्याला विचारलं. म्हणाला, इतरांना सहासात, तुमच्या वागणुकीनं वीस. असू देत. समुद्रकाठचा उत्सवही असू दे. सप्टेंबरातले सगळे रविवार मोकळे झाले, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

आज काहीच बोलायचं नाही. पुढं पाय, दांडा सरळ. चहा घ्यायचा, हवेबद्दल बोलायचं, क्रॅडकच्या नऊ धावा पुन्हा पहिल्यापासून ऐकायच्या. ती बशी पुढं करील तेव्हा एवढंच म्हणायचं, की कडेचा तुकडा निम्मा तुमच्या बाबांना द्या. तेवढं मात्र पहिल्याच चेंडूवर. म्हाताऱ्यानं पुष्कळ सोसलंय.

बूट चकाकतायत. टोपी झटकली. डॉबल दाराशी उभा आहे, दोन्ही कानांवर हात ठेवून, आगाऊ माणूस. वही मिटतो, बाहेर पडतो आणि दार लावतो. हळूच. डॉबलला आवाजसुद्धा येणार नाही.